संकष्टीची पोपटी

थोरल्या बहिणीला सातवा महिना लागला आणि डोहाळा लागला तो पोपटीचा. बासुंदी नको, चिरोटे नकोत. थंडीत उघड्यावर बसून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगाच हव्यात. डोहाळा अपुरा राहिला तर मुलाचा कान फुटतो, असं आई म्हणायची. आमचे वडील अप्पा कचेरीत कारकून होते. त्यांना सुट्टी रविवारची, आणि पौषातल्या त्या रविवारी नेमकी संकष्टी आली. मी उपास करीन, तुम्ही शेंगा खा, असं ते म्हणाले. आई चंद्रोदयाच्या मोदकांसाठी घरी राहिली. अप्पा, ताई आणि बारा वर्षांची मी, असे तिघे होडीनं ठाण्याहून कळव्याला उतरलो.

तिथे आमची मावशी होती. सख्खी नव्हे, वाल आणि मीठ विकायला येता येता आईची मैत्रीण झालेली आगरी बाई. तिच्या मिठागरात राशी नुकत्याच पडू लागल्या होत्या. इंग्रजी वाचनपुस्तकात थंडी म्हणजे बर्फ, असं चित्र असायचं. आमच्या थंडीत पांढरं काय ते एवढंच, आणि तेही खारट.

आगरावर माणसांची ये-जा. पोटुशीला दृष्ट लागेल, आडोशाला बसा, असं आईनं बजावलेलं. म्हणून मावशीनं आम्हाला ओहळापलीकडच्या मोडक्या बांधावर नेलं. सकाळी ओहळात घोट्याएवढं पाणी होतं. पण दिवस उधाणाचे. पूर्ण भरतीला हा बांध बुडतो, भरतीच्या आधी तीन तास ओहळात पाणी शिरतं, असं मावशीच्या नवऱ्यानं निघताना सांगितलं होतं.

अप्पांना हिशेब पाठ होता. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी कोळ्यांकडूनच ऐकलं होतं आणि कचेरीत स्वतःच्या शोधासारखं सांगत फिरायचे. आज चतुर्थी, तर भरती तीनला. ओहळात पाणी बाराला. पावणेबाराला उठलो तरी चालेल.

मावशीनं मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, वर शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. शेंगा अशा उतरल्या की ताई बोटं पोळत असतानाही थांबेना. पहिलं मडकं संपलं तसं तिनं दुसरं लावायला सांगितलं. अप्पा केळं सोलत तिच्याकडे कौतुकानं बघत होते.

दुसरं मडकं पेटतं होतं तेव्हा मावशी मध्येच उठून ओहळापर्यंत गेली आणि परत आली.

"दादा, पानी फिरला. उठा."

अप्पांनी खिशातलं घड्याळ काढलं. सव्वाअकरा. त्यांनी ते तिच्यापुढे धरलं, जणू तिला ते वाचता येणार होतं, आणि अजून पाऊण तास आहे म्हणाले. मावशी म्हणाली, पाणी घड्याळ बघून येत नाही. अप्पा हसले. पंचांग आमच्या घरात तीन पिढ्यांचं आहे, असं काहीतरी ते बोलले. मावशी विस्तव चिखलानं विझवू लागली. मी बांधाच्या कडेला बसले होते. खेकड्यांच्या बिळांतून पाणी वर येताना मला दिसत होतं. मी शेंग सोलत राहिले.

अप्पा उठले ते पावणेबाराला, ठरल्या वेळी. ओहळाशी आलो तर पाणी मावशीच्या कमरेला लागणार हे दिसत होतं. अप्पांनी बोटांवर तिथी पुन्हा मोजली. मग हळूच म्हणाले, "आज तृतीया आहे."

संकष्टी धरायची ती चंद्रोदयाच्या चतुर्थीवर. त्या दिवशी चतुर्थी लागणार होती दुपारनंतर. सकाळभर तृतीयाच होती. म्हणजे भरती सव्वादोनला, आणि ओहळात पाणी सव्वाअकराला. पंचांग न पाहणारा माणूस ही चूक करूच शकला नसता.

थांबावं तर बांध बुडणार. मावशीनं विचारलं नाही, सांगितलं. "दादा, तुमी मागं रावा. पोरी, माझा पदर धर. हिला मी धरतंय."

वाचनपुस्तकातला बर्फ किती गार असेल ते मला तेव्हा कळलं. मध्यावर ते माझ्या छातीशी आलं. ताई एकाएकी थांबली. तिचा पाय चिखलात रुतला होता. ती ओढू लागली तसा दुसराही रुतला. मावशीनं तिला अप्पांच्या हाती दिलं आणि स्वतः पाण्याखाली गेली. अप्पांना पोहता येत नव्हतं. ताईला दोन्ही हातांनी कवटाळून ते डोळे मिटून उभे होते. मावशी वर आली, पुन्हा गेली. मला वाटलं, आता आम्ही इथेच राहणार. तिसऱ्या खेपेला दोन्ही पाय सुटले.

पलीकडे ताईला मिठाच्या राशीला टेकवून बसवलं. तिचे दात वाजत होते. पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "हालत नाही."

मावशीनं स्वतःचा हात तिथे ठेवला. आम्ही किती वेळ तसे होतो ते सांगता येणार नाही. मग मावशीच्या हाताला हालचाल लागली, तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, आणि ताई रडू लागली.

अप्पा मावशीकडे वळून म्हणाले, माझं चुकलं, मी तुझं ऐकायला हवं होतं.

"मना काय सांगता?" मावशी म्हणाली. "तिला सांगा."

त्यांनी तिला सांगितलं. मुलीची माफी मागणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता. ताईनं पदरानं तोंड पुसलं.

"मावशी पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच मला उठायचं होतं, अप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बसून राहिले."

मला तिचा राग आला, अप्पांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. कारण मीही तेवढ्याचसाठी बसून राहिले होते.