खिडकीतली खाट

आमच्या सासूबाईंनी सगळी हयात रस्त्याकडच्या खिडकीत बसून शिवणकाम केलं. सत्तरी उलटली तशी माझ्या नवऱ्यानं, गोंगाट नको म्हणून, त्यांची खाट आतल्या बिनखिडकीच्या खोलीत टाकली. झालं! त्या दिवसा घोरू लागल्या आणि रात्री घरभर फिरू लागल्या. वर लेकाची रोजची परीक्षा: "आई, आज वार कोणता?" त्या चुकल्या की हा कपाळाला हात लावायचा.

एका सकाळी त्यांनी स्वतःच खाट ओढत खिडकीशी आणली. हळूहळू रात्रीची झोप परत आली, वारही चुकेनात. तरी नवरा म्हणालाच, "आई, खाट वाटेत येते. परत आत नेऊ?"

सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या, "ने की. महिनाभर तू झोप तिथं, मग मी तुला वार विचारते."