एकशे त्रेचाळीस पानं आणि एक सही

माझं काम डॉक्युमेंट कंट्रोलरचं. दोहातल्या ज्या बांधकाम कंपनीत मी नऊ वर्षं आहे, तिथं माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही कागद साइटवर पोचत नाही. ड्रॉइंग असो नाहीतर साधं पत्र, त्याला नंबर मिळतो आणि ते ज्याच्या हातात पडलं त्याची सही घेतली जाते. ही सही एका छापील पानावर घेतात, त्याला ट्रान्समिटल म्हणतात. वर विषय, मध्ये पानांची संख्या, कशासाठी पाठवलं त्याचे चौकोन, आणि तळाशी 'वरीलप्रमाणे मिळाले' असं लिहून नाव, सही, तारीख. भांडण झालं की झाडून सगळे इंजिनिअर माझ्याकडे येतात, कारण कोण खोटं बोलतंय ते त्या पानावर असतं. हे आधीच सांगते, कारण एका माणसावरचा सूड मी ह्याच पानावर उगवला आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटत नाही.

तो पुण्याचा, आयटीतला. दोहातल्या अल सद्द भागात एका वहिनींकडे गणपतीत ओळख झाली. ह्या वहिनी मूळच्या नांदेडच्या, आमच्यासारख्या सुट्या लोकांना दर शुक्रवारी जेवायला बोलावणाऱ्या. मी नाशिकची. लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परत आलेली आणि मग नोकरी धरून इकडे निघून आलेली. घटस्फोटाचा दावा नाशिकच्या कोर्टात रखडला होता. तारखेवर तारीख. त्यामुळे आमचं कितीही जमलं तरी लग्न करता येत नव्हतं. तो म्हणायचा, "मला कागदाची गरज नाही गं. तू आहेस ना, बस." मला ते फार गोड वाटायचं. कपाळ माझं! कागदावर पोट भरणारी बाई मी, आणि हे वाक्य मला गोड वाटायचं.

इथं बिनलग्नाचं एका घरात राहणं चालत नाही. कायद्याला नाही आणि आपल्या लोकांच्या जिभेला तर मुळीच नाही. म्हणून कागदावर मी अल सद्दला, कंपनीनं दिलेल्या बायकांच्या फ्लॅटमध्ये. तिथं माझा एक पलंग होता, त्याच्यावर बाकीच्या मुली वाळलेले कपडे टाकायच्या. प्रत्यक्षात तीन वर्षं मी अल मन्सूरात त्याच्या घरी राहिले. भाडेकरार त्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या नावावर. माझ्या चपला दाराबाहेर कधी नाहीत. माझे कपडे बाल्कनीत नाहीत, बाथरूममधल्या दांडीवर, त्यामुळे सगळ्या ओढण्यांना कुबट वास. मी मागवलेलं पार्सलसुद्धा त्याच्या नावानं यायचं. आम्ही दोघांनी मिळून माझी एकेक खूण पुसली, आणि त्यात आम्ही पटाईत झालो होतो.

इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, बिहारकडचा होता. पहिल्याच महिन्यात त्यानं विचारलं, "मॅडम कौन हैं?" हा पठ्ठ्या पटकन म्हणाला, "बहन है." बहीण! लिफ्टमध्ये मी अशी तडकले त्याच्यावर. तर म्हणे, "अगं, सेफ उत्तर आहे." पुढं राखीपौर्णिमा आली आणि नातूर दारात हजर, हातात राखी आणि पेढे. "मॅडम, आपके लिए लाया, भैया को बांधिए." ह्यानं हसत हसत हात पुढे केला. मी बांधली. काय करणार? नातूर टाळ्या वाजवत होता बिचारा. दार लावल्यावर हा हसून हसून सोफ्यावर लोळला. मी ती राखी कात्रीनं कापून केराच्या डब्यात टाकली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. माणसाची पारख तेव्हाच व्हायला हवी होती. पण नाही झाली.

मग त्याला कॅनडाची पीआर, म्हणजे तिकडे कायमचं राहायची परवानगी, मिळाली. जाताना म्हणाला, "तिकडे लग्नाचं सर्टिफिकेट लागत नाही. निदान वर्षभर जोडीदार म्हणून एकत्र राहिल्याचे पुरावे दिले की स्पॉन्सर करता येतं. तू फाइल बनव, तुझ्याइतकी चोख कोण बनवणार?" मी हरखून गेले. पहिल्यांदाच कुठलं तरी सरकार मला विचारणार होतं की तू ह्या माणसाची कोण, आणि मला खरं उत्तर देता येणार होतं.

तीन वर्षं ज्या खुणा पुसल्या, त्याच आता शोधत बसले. घराखालच्या किराणावाल्याच्या पावत्या मिळाल्या. त्यांच्यावर त्याचा फ्लॅट नंबर आणि माझा मोबाइल. त्याला ताप आला होता तेव्हाचं औषधाचं बिल माझ्या कार्डावर. हजारो मेसेज चाळून त्यातले निवडक छापले. 'येताना कोथिंबीर आण', 'गॅस बंद केलास का', 'किल्ली बुटात ठेवलीय', 'आज उशीर होईल, तू जेवून घे'. ते वाचताना मला रडू यायचं, कारण ह्याहून संसार वेगळा काय असतो? वहिनींकडे गेले, म्हटलं, आम्हाला जोडीनं पाहिलंय असं लिहून द्याल का? त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "देते बाई लिहून, पण आमच्या ह्यांना कळू देऊ नकोस." मग हाताचं पीठ पुसून दोन पानं लिहून दिली, कुठंही न खोडता. सगळी मिळून एकशे त्रेचाळीस पानं झाली. नंबर घातले, अनुक्रमणिका केली, प्रत्येक पानावर मी सही केली.

एकच गोष्ट त्या फाइलीत नव्हती. आम्हा दोघांची नावं आणि त्याची सही असलेला एकही कागद. तीन वर्षांत असा कागद जन्मालाच आला नव्हता. मी त्याला म्हटलं, एक साधं निवेदन सही करून पाठव, ही माझी जोडीदार आहे म्हणून. "पाठवतो गं." मी फाइल पाठवली. तो म्हणाला, "दिली. आता वाट बघायची." निवेदन काही आलं नाही. त्यानं तिकडेच जोडलं असेल, असं मी मनाशी धरून चालले.

दोन वर्षं वाट पाहिली. मध्ये एकदा महिनाभर जाऊन यावं म्हणून मी व्हिजिट व्हिसाचा अर्ज केला. तो म्हणाला, नातं ह्या रकान्यात 'मैत्रीण' लिही. मी लिहिलं, 'जोडीदार, तीन वर्षं एकत्र राहिलेली'. राखी बांधून झाली होती माझी, आणखी खोटं मला लिहिता येईना. व्हिसा नाकारला गेला. तो भयंकर चिडला. इतका का चिडला ते मला कळेना. मी विचारलं, आपल्या मोठ्या अर्जाचा नंबर दे, मी स्टेटस बघते. आज देतो, उद्या देतो. महिनाभर टाळाटाळ. शेवटी एका दुपारी, मी ऑफिसच्या जिन्यात उभी असताना, फोनवर म्हणाला, "नंबर नाहीये. मी अर्ज दिलाच नाही."

"का?"

"अगं, माझ्या पीआरच्या फॉर्मवर मी सिंगल लिहिलं होतं. दोहात तसं सांगायची सवयच होती, पटकन लिहून टाकलं. आता तुला पार्टनर दाखवली तर मीच खोटा ठरतो. तू प्रॅक्टिकल विचार कर."

मी जिन्यातच बसले. तोवर नाशिकचा निकाल लागला होता, मी मोकळी झाले होते. मी म्हटलं, मग लग्न करू, सरळ. तो म्हणाला, "आता आईला काय सांगू?" म्हणजे मी पाच वर्षं ज्याची होते, त्याच्या आईला माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला जे जे बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही, पण एकही शब्द परत घेणार नाही.

वर्षभरात त्यानं पुण्याची मुलगी पाहून लग्न केलं. वहिनींनीच सांगितलं, फोटोही दाखवला. शेरवानी, फेटा, शेजारी ती हिरव्या शालूत. "छान दिसतात," मी म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "डोंबल छान!" आणि माझ्या ताटात न विचारता दुसरी पोळी वाढली.

आणि मग गेल्या वर्षी त्याचा फोन आला. आवाजात साखर. आधी तब्येत, मग नोकरी, मग मुद्दा. बायकोला स्पॉन्सर केलं होतं आणि तिथं माशी शिंकली होती. तिथल्या ऑफिसनं विचारलं होतं, अमुक एका बाईनं व्हिसाच्या अर्जात तुमची जोडीदार म्हणून लिहिलंय, तुम्ही तर सिंगल लिहिलं होतंत, ही कोण? माझा तो नाकारलेला अर्ज तिकडे जपून ठेवलेला होता. कागद जपणाऱ्या लोकांबद्दल मला त्या दिवशी फार माया वाटली.

"तू फक्त एवढं लिहून दे," तो म्हणाला, "की आपण फ्लॅटमेट होतो, आणि तू गैरसमजातून तसं लिहिलंस. दोन ओळी. तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं? माझी तीन वर्षं जात होती. बाथरूममधल्या ओढण्या, तो ताप, ती कोथिंबीर, सगळं माझ्याच हातानं खोडायचं आणि खाली मीच सही करायची. नातुरासमोर बहीण केलं, आईसमोर कुणीच नाही, आणि आता सरकारदरबारी वेडी, जिला फ्लॅटमेट आणि नवरा ह्यातला फरक कळत नाही. मी शांतपणे म्हटलं, "फोनवर असलं काही होत नाही. मूळ सही लागते. तू येशील तेव्हा हातात देते." दिवाळीला तो पुण्याला जाणार होता, वाटेत दोहाला सहा तास थांबायचं होतं. तो म्हणाला, "तुझं मन मोठं आहे." मी म्हटलं, "इन्शाल्ला."

मुशैरिबमधल्या एका कॅफेत दुपारी भेटलो. थोडा सुटला होता. माझ्यासाठी मेपल सिरपची बाटली आणली होती. मी टेबलावर खाकी पाकीट ठेवलं, सीलबंद, त्याच्यावर पिनेनं लावलेलं ट्रान्समिटल.

पाकिटात काय होतं ते सांगते. एकशे त्रेचाळीस पानं. तीच, माझ्याकडच्या प्रतीवरून पुन्हा छापून सही केलेली. ट्रान्समिटलवर विषय इंग्रजीत, जाड ठशात, की आम्ही दोघं, पुढं दोघांची पूर्ण नावं, अल मन्सूरातल्या अमुक फ्लॅटमध्ये तीन वर्षं जोडीदार म्हणून एकत्र राहिल्याचे पुरावे. काही लपवलं नव्हतं. ज्याला डोळे आहेत त्यानं वाचावं. पण हा माणूस जन्मात कधी कागद वाचत नव्हता. घराचा करारसुद्धा न वाचता सही केलेला. त्याचे कागद पाच वर्षं मी वाचले होते.

"एवढं जाड?" त्यानं पाकीट उचलून पाहिलं.

"जोडपत्रं आहेत."

"तुझी जुनी खोड!" तो हसला. "सही केलीस ना?"

"प्रत्येक पानावर."

"आणि हे काय?"

"पोच. तुला माहितीये, सहीशिवाय मी कागद देत नाही."

मी पेन पुढे केलं. त्यानं घड्याळ बघत नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली. मूळ प्रत मी काढून घेतली, खालची पिवळी कार्बन प्रत त्याला दिली. त्यानं घडी करून खिशात घातली, पाकीट बॅगेत टाकलं. "शुक्रन," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला. खांद्यावर! धाकट्या बहिणीला थोपटावं तसं.

मी मेट्रोनं घरी आले, ते पान स्कॅन केलं, एकशे चव्वेचाळीस नंबर घातला आणि सगळी फाइल कॅनडाच्या ऑफिसला पाठवून दिली. ट्रान्समिटलवर तीन चौकोन असतात, मंजुरीसाठी, सहीसाठी, माहितीसाठी. पाच वर्षं त्या माणसासमोर मी मंजुरीसाठी उभी होते. ह्या वेळी मी 'माहितीसाठी'वर खूण केली होती. कायद्यानं त्या सहीची किंमत किती, मला ठाऊक नाही. त्याच्या बायकोनं माझं काही वाकडं केलेलं नाही. मला तिची दया आली, पण हात थांबण्याइतकी नाही आली. हे चांगलं नाही, हे मला कळतं. पण खोटं मी एका ओळीचंही लिहिलेलं नाही.

त्यानं विमानतळावर पाकीट फोडलं असावं. अकरा मिस्ड कॉल आले. मी कणीक मळत होते. मग मेसेज. आधी शिव्या, मग विनवण्या, मग आईची शपथ, ज्या आईला मी माहीतच नव्हते. शेवटचा मेसेज विमान सुटायच्या आधीचा. 'ह्यातून तुला काय मिळालं?'

हात धुतले, पुसले, आणि त्याला उत्तर लिहिलं.

'तुझी सही.'