सरड्याचा श्रावण

मला पालीची भीती वाटते. पाल दिसली की गॅसवरचा चहा उतू गेला तरी चालेल, मी स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. आणि माझ्याच पोटच्या पोरीने घरात आणलं काय, तर वीतभर काटेरी सरडा! बिअर्डेड ड्रॅगन म्हणे.

भांडुपच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी त्याची काचेची पेटी आली. एका बाजूला शेकायला दिवा, त्याखाली दगड, वर उन्हासारखी ट्यूब आणि लपायला मी दिलेली करवंटी. ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला जाताना पोरगी बजावून गेली, "आई, अजून लहान आहे तो. भाजी थोडी, अळ्या रोज. चिमट्याने दे ना, चावत नाही गं." मी तोंड फिरवून, देवाचं नाव घेत अळी पुढे धरायचे.

मग श्रावण लागला. सासूबाईंनी अळ्यांचा डबा उचलून दाराबाहेर चपलांच्या कपाटावर ठेवला. "श्रावणात घरात मासो शिजणा नाय, नि ह्येका जित्ये अळये? दुधी घाल." खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंच वाटलं. दुधी किसला, भोपळा किसला, कोथिंबीर चिरली. त्याने ढुंकूनही बघितलं नाही. हळूहळू दिव्याखाली यायचाही थांबला.

एका सकाळी बघते तर डोळे मिटून पसरलेला, गळ्याखालची दाढी काळीकुट्ट. पोरीला फोन लावला तर ती रडायलाच लागली. "नुसता दुधी? मरेल गं तो! आत्ताच्या आत्ता अळी दे."

डबा घेऊन आत शिरते तर सासूबाई दारात आडव्या. "श्रावण मोडतंस?"

"मरतोय तो, आई!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

त्या पेटीपाशी गेल्या, वाकून बघितलं. चेहरा उतरला त्यांचा. "घरात नको. उंबऱ्याभायर न्हेऊन भरव."

म्हणजे त्याला उचलायचं. हाताने. मी! डोळे गच्च मिटून पेटीत हात घातला. खरखरीत, गार, आणि वजन म्हणून नाहीच. ओल्या फडक्यासारखा लोंबत होता मेला. तसाच धरून बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. चिमटा आतच राहिला होता. अळी बोटांनी उचलली, त्याच्या तोंडापुढे धरली. काही नाही.

"खा रे बाबा. घाबरते रे मी तुला, पण मरू नको."

एक डोळा उघडला. थोड्या वेळाने चिकट जीभ माझ्या बोटाला लागली आणि मी किंचाळले. पण त्याला सोडलं नाही. अळी गेली होती.

"खाल्ल्यान काय गो?" आतून सासूबाईंनी विचारलं. मला रडू फुटलं होतं, तरी डोळे पुसत मी दुसरी अळी उचलली. त्या उंबरा ओलांडून आल्या, माझ्या शेजारी टेकल्या आणि पदर खोचून त्यांनी स्वतःच डब्यात बोटं घातली.