तळावरची जडीबुटीवाली

धाराशिव जिल्ह्यात नियमाला अपवाद न करणारा एकच माणूस उरला आहे, आणि ते माझे व्याही आहेत. लोहाऱ्याच्या तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर रविवारी तेरला आपल्या घरी पाच माणसे जमवून राक्षसांशी लढतात. पुण्याच्या कुठल्याशा लहान प्रकाशकाने काढलेले चौसष्ट पानांचे पुस्तक एवढीच त्यांची सामग्री. प्रकाशकाने धंदा केव्हाच गुंडाळला. खेळ चालू आहे. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, ते काय करते हे बोलून सांगायचे, आणि साधले की फसले हे फाशांवर ठरवायचे. मी नावाडी आहे. मला पोहता येत नाही.

पुस्तकाची शिवण उसवली तेव्हा व्याह्यांनी पानांना भोके पाडून ती फाइलीत बांधली. खेळाआधी हजेरी होते. बोलण्याची मुदत वाळूच्या घड्याळाने मोजली जाते; वाळू सरली की वाक्य अर्धे असले तरी नस्तीबंद. त्यांच्या सख्ख्या जावयाचा, म्हणजे माझ्या मुलाचा, तलवारबाज ‘मी वार क–’ एवढ्यावर ठार झाला. दुपारी दीड ते दोन या वेळात राक्षस हल्ला करीत नाही. ती जेवणाची सुट्टी. ढोकीहून येणाऱ्या ट्रॅक्टरचालकाने एकदा विचारले, “तात्या, राक्षस बी कचेरीत व्हता काय?” “आता पेन्शनीत हाय,” व्याही म्हणाले, “जेवा.”

एवढ्याशा पुस्तकावर बारा वर्षे कशी निघाली, असे मी एकदा विचारले. “त्यात गोष्टच न्हाय, इवाई. न्हाय ती सरंल कशी?”

माझी पत्नीही खेळत असे. ती जडीबुटीवाली होती. जखमींना तीच उठवी. गैरहजर खेळाडूचे पात्र तळावर थांबून आग राखते, असा पुस्तकात नियम आहे. पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली. व्याही अजून हजेरीत तिचे नाव घेतात आणि स्वतःच उत्तर देतात, “तळावर.” याविषयी आम्ही कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात गावच्या शाळेत बदलून आलेल्या शिक्षिका खेळायला आल्या. त्याच रविवारी माझ्या नावाड्याच्या छातीत भाला घुसला.

“बाईंला जडीबुटीवाली द्या की,” ट्रॅक्टरचालक म्हणाला. “न्हायतर आबा गेले!”

व्याह्यांनी पान उघडून नियम वाचला. “पात्र दुसऱ्यास देण्यास मूळ खेळाडूची संमती आवश्यक.” मग फाइल मिटून म्हणाले, “अगर वारसाची.” हे दोन शब्द पुस्तकात नव्हते. ते मला ठाऊक होते, आणि त्यांनाही. “इवाई, तुमी सांगा.”

संमती दिली की हजेरीतले ते ‘तळावर’ कायमचे संपणार होते. नावाड्याची मला फिकीर नव्हती. परंतु समोर जखमी माणूस असता ती तळावर बसून राहिली नसती.

“द्या,” मी म्हणालो.

व्याह्यांनी तिच्या पात्राचा कागद शिक्षिकांपुढे ठेवला आणि घड्याळ उलटे केले. शिक्षिकांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “त्या बोलायच्या कशा?”

मी सांगू लागलो. वाळू सरत आली तेव्हा व्याह्यांनी घड्याळ उचलले आणि टेबलावर आडवे ठेवले.