तोडणीच्या आठ दिवस आधी

आमच्या शेजारच्या पंपदादांना खरं नाव असणारच, पण ते आठवायला त्यांच्या बायकोलाही वेळ लागतो. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन तीस वर्षं द्राक्षमळ्यात गेली. घरात चूं नाही, बुरशीपुढे मात्र वाघ.

यंदा तोडणीला आठच दिवस उरले आणि घडांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली. इतक्या उशिरा गंधक मारायचा नाही, हा मळ्याचा नियम. घडावर राहिलेला गंधक रसात उतरतो आणि रस आंबताना कुजक्या अंड्याचा वास सुटतो. दादांना हे तोंडपाठ. पण घड राख फासल्यासारखे होताना त्यांना बघवेना. चार ओळींवर गंधकाचा हात फिरवला आणि फवारणीच्या वहीत अवाक्षर लिहिलं नाही.

त्या घडांची वाइन बिघडली. जिला पिकल्या पेरूचा वास यायचा, तिच्यापुढे नाक धरायची पाळी आली. खापर फुटलं तळघर सांभाळणाऱ्यावर, म्हणजे दादांच्या साडूवर. टाकी नीट धुतली नाही म्हणे. मळ्याच्या मालकीणबाईंनी त्याला शनिवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आमची जीभ तरी कुठे गप्प बसते? मी त्याला ‘अंडेराव’ म्हटलं, गल्ली खदखदून हसली. दादा हसले नाहीत. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

शुक्रवारी ते मला सोबतीला घेऊन तळघरात गेले. एकट्याने धीर होईना. साडू रिकामी टाकी पुन्हा घासत होता.

“दादा, तुम्हीच हुंगून सांगा. मला आता स्वतःच्या हातांनाही तोच वास येतो.”

दादांनी हुंगलं नाही. म्हणाले, “टाकी सोड. गंधक मी मारला होता. तोडणीच्या आठ दिवस आधी.”

साडूने ब्रश खाली ठेवला. आता शिव्यांची लाखोली, असं मी धरून चाललो होतो. त्याने एवढंच विचारलं, “रविवारी माझ्याकडे जेवायला होतात. तेव्हा का नाही बोललात?”

“तू आग्रहाने वाढत होतास.”

तिथूनच दादा मालकीणबाईंकडे गेले. साडूची नोकरी राहिली, दादांच्या पाठीवरचा पंप उतरला. आता ते नुसत्या वेली बांधतात. साडू रोज समोरून जातो, मान हलवतो, थांबत नाही.

परवा मी त्याच्याकडे माझ्या आगाऊपणाची माफी मागायला गेलो. त्याने खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, “दादांना झोप लागते का हो आता?”

दादांच्या खोलीत रात्रभर दिवा जळतो, हे मला सांगवेना.