लॉरिट्सचं बुडणं

लॉरिट्स फ्यूनबोचा चेहरा देवाने कशासाठी घडवला, हे एकट्या लॉरिट्सला सोडून सगळ्या कोपनहेगनला ठाऊक होतं. लांबुडका, गंभीर, भुवया कायम कपाळावर टांगलेल्या. तरुणपणी नाटकात तो मरणाऱ्या सरदाराचं काम करायला उभा राहिला, तर लोक इतके हसले की पडदा पाडावा लागला. मग मूकपटवाल्यांनी त्याला उचललं. पुढे कित्येक वर्षं तो जिन्यांवरून पडला, पिठात लोळला, गल्लीतली पोरं त्याच्यासारखी चालून दाखवू लागली. घरी आला की बायकोला, डॅग्मारला, म्हणायचा, "मी मुळात रडवणारा नट आहे गं."

"असशील. आधी बटाटे खा, निवतायत."

त्याचा जीव अडकला होता तो दुसऱ्या शेवटात. तेव्हा आमच्याकडे एकाच चित्रपटाला दोन शेवट काढत. इथल्या लोकांना लग्न लागायला हवं, रशियातल्या गिऱ्हाइकांना कोणीतरी मरायला हवं. सकाळी लॉरिट्स नवरदेव व्हायचा आणि दुपारी त्याच कोटात विष घ्यायचा, नाहीतर रुळांवर आडवा व्हायचा. ती फिल्म डब्यात घालून परस्पर रशियाला जायची.

"तिकडे बायका हुंदके देतात माझ्यासाठी."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

आपल्या माणसांनी एकदा तरी आपल्यासाठी रडावं, एवढंच त्याचं मागणं. दिग्दर्शक ह्योरूपला त्याने विनवून पाहिलं. "इथे तुमचं मढं बघायला कोण येणार हो?" ह्योरूप म्हणाला. "गुमान लग्न करा!"

तेव्हा नव्या चित्रपटाचे डबे थिएटरात पोचवायचं काम लॉरिट्सने मागून घेतलं, आणि वाटेत शेवटचा डबा बदलून रशियाचा ठेवला. घरी येऊन कबूलही केलं.

"अरे, ही फसवणूक झाली!" डॅग्मार म्हणाली. पण जेवणाआधीच्या प्रार्थनेत तिने हळूच जोडलं: देवा, लोकांना थोडं रडू येऊ दे.

पहिल्या खेळाला दोघं कडेला बसली. पडद्यावर नवरी दुसऱ्याचा हात धरून निघून गेली. लग्नाच्या कोटातला लॉरिट्स समुद्राकडे निघाला. पडद्याशेजारी बसून मूकपटाला पियानोची साथ करणाऱ्या ब्रिक्सबाईंना पडद्याकडे बघायची सवय नव्हती. समोरच्या कागदावर लग्नाच्या नाचाची धून होती, ती त्यांनी दणक्यात सुरू केली. ठेक्यात पावलं टाकत नवरदेव पाण्यात शिरला. लोक हसून लोटपोट.

"वाट लावली बाईने!" लॉरिट्स धावत पुढे गेला. "अहो बाई, थांबा! मी मरतोय!"

बाईंनी दचकून हात उचलले. पियानो थांबला. आता लोकांच्या रडण्याच्या आड येणारं काहीच नव्हतं. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं, तो लांबुडका चेहरा आभाळाकडे वळला, भुवया वर गेल्या आणि सगळ्यात शेवटी त्याच बुडाल्या. हशा दुप्पट झाला. डॅग्मारने रुमाल दातांत धरला.

दारात ह्योरूप उभा. आता हा ओरडणार, असं वाटलं, तर त्याने मिठी मारली. "काय मेलात हो! आता इथेही दर वेळी मरायचं!"

घराच्या वाटेवर लॉरिट्सने डॅग्मारकडे निरखून पाहिलं. मग म्हणाला, "तुझे डोळे ओले होते. तू तरी रडलीस ना?"

डॅग्मारला खोटं जमत नसे. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "रडले," ती म्हणाली.

रविवारी चर्चमध्ये मान खाली घालून ती या खोट्याची माफी मागू लागली, आणि नको तेव्हा त्या बुडणाऱ्या भुवया डोळ्यांपुढे आल्या. तिने तोंड झाकून घेतलं, तरी खांदे गदगदा हलत राहिले. शेजारच्या बाईने पाठीवर हात ठेवला आणि बाहेर पडल्यावर लॉरिट्सला गाठलं. "बायकोला जपा हो. किती रडत होती बिचारी!"

लॉरिट्सने हॅट काढून त्या बाईला लवून नमस्कार केला. इतका आनंदी तो कधी दिसला नव्हता. डॅग्मारने देवाकडे आणखी एकदा माफी मागितली आणि गप्प राहिली.