संशयानं वाचणाऱ्या बाई

सुमनबाई गेल्या हे मला ज्या फोनवर कळलं, त्याच फोनवर मला विचारलं गेलं की त्यांच्याकडचा पुरस्काराच्या पुस्तकांचा गठ्ठा आता कुणाकडं आहे. फोन संस्थेच्या अध्यक्षांचा होता. "फार वाईट झालं," असं म्हणून ते जरा थांबले, आणि मग, "त्यांची मुलगी काही बोलली का तुम्हाला, पुस्तकांचं?" बाईंना जाऊन तेव्हा एक दिवसही झाला नव्हता. फोन ठेवल्यावर रडू येण्याच्या आधी माझ्या मनात आलं, यांना एवढी घाई कसली? बाईंच्याही मनात हेच आलं असतं…

आमच्या जिल्ह्यातली ही छोटी संस्था दरवर्षी मुलांसाठी किंवा कुमारांसाठी लिहिलेल्या एका कादंबरीला पुरस्कार देते. सुमनबाई त्या पुरस्काराच्या जुन्या परीक्षक. मूळच्या उमरग्याच्या, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या, निवृत्तीनंतर परंड्याला मुलीजवळ येऊन राहिलेल्या. दुसरी परीक्षक मी. मला का घेतलं असेल याचाही मला संशय होता. तरुण नाव निमंत्रणपत्रिकेत बरं दिसतं. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. ओली शाई बोटांना लागायची, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांवर. त्यामुळं कुठलंही पुस्तक हातात आलं की ते कुणाच्या बाजूनं बोलतंय हे मी आधी बघते. माणसांचंही तसंच. पहिल्याच बैठकीला बाई अध्यक्षांच्या गाडीतून उतरल्या आणि मी ठरवून टाकलं, या त्यांच्यातल्याच.

मी ते बोलूनही दाखवलं. "बैठकीच्या आधी अध्यक्षांच्या घरी चहा घेणं बरोबर आहे का, बाई?" त्या चिडल्या नाहीत. "चहाच न्हाय, उप्पीटबी खाल्लं," म्हणाल्या. "आज त्यांना न्हाय म्हणायचंय. उपाशीपोटी भांडण होतंय व्हय?" त्या वर्षी स्पर्धेत अध्यक्षांच्या मेहुण्यांची कादंबरी होती, आणि बाई ती आधीच वसतिगृहात नेऊन आल्या होत्या.

ही त्यांची रीत. सोनारीच्या वाटेवरच्या एका गावात ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह चालतं. आईबाप उसाच्या फडावर, मुली इथं. आलेल्या प्रत्येक कादंबरीला बाई वर्तमानपत्राचा कागद घालत, लेखकाचं नाव दिसू नये म्हणून, आणि तिथं जाऊन मोठ्यानं वाचत. मधेच कुठंतरी पुस्तक मिटत आणि काहीही विचारत नसत. 'आवडलं का?' असं विचारलं की पोरी 'हो' म्हणतात, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. त्या नुसत्या बसून राहत, मुलींच्यातून काय उठतं ते बघत. मेहुण्यांच्या कादंबरीचं पहिलं वाक्य वाचताच मुली ओरडल्या होत्या, "बाई, हे तर आमच्याकडं गठ्ठ्यानं हाय! अध्यक्ष साहेबांनी कार्यक्रमात वाटलंय. पहिलं पान आमच्याकडनंच वाचून घेतलं." बाईंनी विचारलं, "आन पुढचं?" उत्तर आलं, "कपाटाला कुलूप हाय." बैठकीत बाईंनी हा संवाद जसाच्या तसा सांगितला. अध्यक्ष हसले, पण त्यांच्या गाडीतून बाई परत गेल्या नाहीत, एसटीनं गेल्या.

आमचं खरं भांडण झालं ते मी उचलून धरलेल्या कादंबरीवरून. ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी, मुकादमाची दादागिरी, आणि शेवटी तिनं फडावर उभं राहून केलेलं भाषण. हे पुस्तक जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीच्या हातात गेलं पाहिजे असं मला वाटत होतं. बाईंना त्या भाषणाचाच संशय. शेवटी आम्ही दोघी वसतिगृहात गेलो. आधीची प्रकरणं बाईंनी वाचून दाखवलेली होती. भाषणाचं प्रकरण मीच वाचलं, चांगला आवाज चढवून. मुली चिडीचूप. परतताना एसटीत मी म्हणाले, "बघितलंत बाई? एक तरी हलली का?"

"म्हणूनच म्हंते. हाताची घडी घालून बसल्या होत्या. भाषणाला पोरी अशाच बसत्यात. मीच शिकवलंय की तसं बसायला, जलमभर." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "त्यांनी विचारलं ते एकच. ध्यानात हाय का?"

ध्यानात होतं. मी पुस्तक मिटल्यावर मागून एक मुलगी म्हणाली होती, "त्या शेळीचं काय झालं?" दुसऱ्या प्रकरणात नायिका फडावर निघताना आपली शेळी शेजारणीच्या दारात बांधून जाते. पुढं अख्ख्या पुस्तकात ती शेळी नाही. लेखक तिला विसरला होता, आणि वाचताना मीही.

"बाई, शेळी गौण आहे."

"फडावर गेलेल्यांला आसंल. मागं ऱ्हायलेल्यांला न्हाय."

ती कादंबरी मला आजही महत्त्वाची वाटते. पण तेव्हापासून एखाद्या पुस्तकातला पेटलेला परिच्छेद वाचताना मला अंगावर काटा आला, की आधी त्या काट्याचाच संशय येतो.

बाईंना देव्हाऱ्यात बसवायला मी हे लिहीत नाही. एका वर्षी एका सुमार, उपदेशानं ठासून भरलेल्या कादंबरीवर त्यांनी सही केली. त्या वेळी वसतिगृहातही गेल्या नाहीत. मी कारण विचारलं तर "दमले गं," एवढंच म्हणाल्या. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कुणाचा फोन आला होता का? जावयाच्या बदलीचं काही अडलं होतं का? की खरोखरच दमल्या होत्या? दमलेलं माणूस कसं दिसतं हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं… आता विचारायला त्या नाहीत.

शोकसभेत अध्यक्षांनी बाईंना बालसाहित्याची सावली म्हटलं. टाळ्या वाजल्या, आणि ही शोकसभा आहे हे लक्षात येऊन मधेच थांबल्या. यंदापासून पुरस्काराला बाईंचं नाव देणार, असं जाहीर झालं. सभा संपल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "यंदा ते वसतिगृह वगैरे नको. बाई होत्या तोवर आपण त्यांचा मान ठेवला. आता त्यांच्याच नावाचा पहिला पुरस्कार, उगा वाद कशाला? एक पुस्तक जवळपास ठरलंय. तुमची सही तेवढी लागेल."

"कुठलं?"

"वाचालच की."

बाईंचं नाव ठेवायचं आणि बाईंची रीत काढून टाकायची. वडिलांच्या पत्रकांत असल्या कामासाठी एक जळजळीत शब्द असायचा. बाईंनी तो खोडून 'साधं लिही' म्हटलं असतं, म्हणून साधं लिहिते : ही फसवणूक आहे. "मुलींनी ऐकल्याशिवाय माझी सही मिळणार नाही," मी म्हणाले. ते हसून म्हणाले, "बघू." त्या 'बघू'वर माझा काडीचा विश्वास नाही. सहीवाचून निकाल लावायच्या वाटा त्यांना ठाऊक असतील. म्हणून मी हे छापून येईल असं इथं लिहिते आहे.

पुस्तकांचा गठ्ठा बाईंच्या मुलीनं माझ्याकडंच दिला. काही पुस्तकांना कागद घातलेला होता, काही उघडीच राहिली होती. त्यांना मी कागद घातले आणि गेल्या रविवारी वसतिगृहात गेले. मुलींना बातमी कळलेली होती. भिंतीलगत बाई जिथं बसायच्या तिथली सतरंजी त्यांनी मोकळी ठेवली होती, आणि तिथं बसा असं मला कुणीही म्हणालं नाही. मी दाराजवळ बसले. पुस्तक उघडलं, तेवढ्यात त्यांच्यातल्या थोरल्या रूपालीनं विचारलं, "ताई, आमी सांगू तेच धरणार, का आदीच ठरलंय?"

मुलींचा शब्द शेवटचा, असं सांगून टाकणं सोपं होतं. घोषणा म्हणून ते शोभलंही असतं. पण ते खरं आहे की नाही हे मला अजून माहीत नव्हतं.

"त्यांचं ठरलंय," मी म्हणाले. "माझं नाही ठरलं."

तिनं माझं तोंड निरखलं, खरं बोलते की नाही हे ताडत. मग पुढं सरकली आणि म्हणाली, "वाचा. खोटं वाटलं की थांबवीन."

मी वाचायला लागले.